चालती बातमी

त्या कचेरीचा सगळा कारभार एका शब्दावर चालायचा, आणि तो शब्द म्हणजे 'चालणं'. बातमी छापायची असली की ती 'चालवायची'. छापायची नसली की ती 'चालत नाही'. घटना अजून घडतेच आहे आणि दर तासाला तिच्यात भर पडते आहे, तर ती 'चालती बातमी'. मथळा बरा जमला तर 'चालेल', फक्कड जमला तरी 'चालेल'च, कारण वृत्तसंपादकांना याहून मोठं कौतुक करता येत नव्हतं. नवा बातमीदार आला की महिन्याभरात ठरायचं, गडी चालेल की नाही. एकानं दुसऱ्याची बातमी आपल्या नावावर चालवली की दोघांची बोलाचाल बंद, आणि ती पुन्हा चालू व्हायला कँटीनमधल्या तीनचार चहांचा खुराक लागायचा.

यात एक गंमत होती. 'चालव' हे तोंडी चालायचं. वृत्तसंपादक, म्हणजे सगळ्यांचे काका, केबिनच्या दारातून नुसती मान हलवून 'चालव' म्हणाले की हजारो प्रतींचं भवितव्य ठरलं. 'थांबवा' मात्र लेखी लागायचं. फार वर्षांपूर्वी कुणा टवाळानं संपादकांचा आवाज काढून तळघरात फोन केला होता आणि चालू मशीन तासभर बंद पाडलं होतं. तेव्हापासून मशीनशेजारच्या खुंटीला एक जाडजूड वही टांगली गेली. कारण, वेळ आणि सही असल्याशिवाय मशीन थांबायचं नाही. वहीची पहिली पाचसहा पानंच काय ती भरली होती.

वर्तमानपत्र संध्याकाळचं. साडेबाराला पहिलं पान सोडायचं, पाऊणला मशीन चालू, एकच्या आत गाड्या बाहेर. पहिल्या पानावर जी उपसंपादक बसायची तिला सगळे कात्री म्हणत, खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलेलं. बातमी हातभर लांब असो, कात्री ती खालून छाटत छाटत नेमकी जागेत बसवायची, आणि छाटलंय हे लिहिणाऱ्यालाही कळायचं नाही. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, हे या धंद्याचं पहिलं शिक्षण. तेव्हा जागा कमी पडली की बेधडक शेपूट उडवायचं. बारा वर्षं ती हेच करत होती आणि एकदाही अंगाशी आलं नव्हतं. त्याचा तिला थोडा माजही होता, खोटं कशाला बोला.

त्या दिवशी सकाळी साडेसातला एक बस पुलाचा कठडा तोडून खाली कोसळली. कामावर निघालेली, कॉलेजला निघालेली माणसं होती आत. नऊ जण गेले. हॉस्पिटलमधून बातमी देत होता भोंगा. हा बातमीदार फोनवर बोलायला लागला की शेजारच्या टेबलावरच्याला कानात बोटं घालावी लागत, म्हणून भोंगा. चालती बातमी असल्यामुळे तो तुकड्या-तुकड्यांनी सांगत होता. पहिला तुकडा सव्वानऊला, दुसरा साडेदहाला, तिसरा बाराला दहा कमी असताना. नवा तुकडा आला की कात्री तो वर चढवायची आणि जुन्याला खाली ढकलायची.

तिसऱ्या तुकड्यात दारूगोळा होता. "ताई, ड्रायव्हर प्यायलेला होता! एका अधिकाऱ्यानं सांगितलंय. टीव्हीवर पण चालतंय."

टीव्ही भिंतीवर होताच, आणि खरंच, लाल पट्टीवर तेच शब्द पळत होते. तेवढ्यात जाहिरात विभागातून फर्निचरच्या सेलची जाहिरात येऊन आदळली. पहिल्याच पानावर हवी. कात्रीनं सवयीनं बातमीचं शेपूट धरलं आणि सहा ओळी उडवल्या. मथळा टाकला: 'मद्यधुंद चालकानं घेतले नऊ बळी'. काकांनी दारातून पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चालव, चालव."

बारा पस्तीसला पान गेलं. कात्रीनं चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत टेबल आवरायला घेतलं. भोंग्याचे तिन्ही तुकडे कागदावर काढून ठेवायची तिची पद्धत होती. ते एकावर एक ठेवून ती खिळ्याला लावणार, तर पहिल्या तुकड्याच्या तळाशी नजर गेली. 'चालक बेशुद्ध असून, त्याच्या रक्ताचा नमुना अद्याप घेतलेला नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले.' ही ओळ पानावर नव्हती. ती त्या सहा ओळींत गेली होती.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, ती गोष्ट सव्वानऊची, आता पाऊण वाजत आला, एव्हाना घेतलं असेल रक्त. तरी तिनं भोंग्याला फोन लावला. पलीकडे नुसता गलका होता.

"रक्त घेतलं का रे?"

"कुणाचं?"

"ड्रायव्हरचं!"

"कुठलं घेतायत, ताई! त्याच्या डोक्यात रक्तस्राव झालाय. मोठ्या हॉस्पिटलात हलवायचंय. डॉक्टर म्हणतात, तासाभरात ऑपरेशन झालं नाही तर खेळ खलास. आणि अँब्युलन्स दारातच अडकलीय. लोक जाऊ देत नाहीयेत. आमची माणसं मेली आणि या दारुड्याला वाचवता, म्हणून एक जण चाकापुढे बसलाय. दोन पोलीस आहेत, पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यावर हात कोण टाकणार? पोरगी बसलीय आत त्याची, बापाजवळ."

"प्यायला होता हे तुला नेमकं कुणी सांगितलं?"

"अधिकाऱ्यानं सांगितलं ना."

"त्याला कुणी सांगितलं?"

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्यानं टीव्हीवर पाहिलं म्हणे."

"आणि टीव्हीवाल्याला?"

मग भोंगा म्हणाला, "ताई, सकाळी तो टीव्हीवाला मला भेटला होता. विचारत होता काय काय कळलं म्हणून. मी म्हटलं, लोक म्हणतायत प्यायला असेल. असेल म्हटलं मी, ताई. आईशप्पथ, असेल म्हटलं."

म्हणजे बातमी भोंग्याच्याच तोंडातून निघाली होती, टीव्हीवरून अधिकाऱ्याकडे गेली होती आणि गावभर फिरून, अंगावर सरकारी कपडे चढवून, पुन्हा भोंग्याकडेच आली होती. आणि कात्रीनं तिला पहिल्या पानावर खुर्ची दिली होती.

त्यात तिचा मोबाइल वाजला. घरून सासूबाई. "अगं, ती बसची बातमी बघतेय मी. काय मेला तो ड्रायव्हर, ढोसून बसला म्हणे! तुमच्या पेपरात आलंय का?"

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आता सगळं जग सांगतंय, मला वेगळं कोण सांगणार? आणि हे बघ, येताना माझ्या गुडघ्याचं मलम आण. मागच्या वेळचं नको, ते नुसतंच वास मारतं."

कात्रीनं फोन ठेवला आणि काकांची केबिन गाठली. काका डबा उघडून बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे घास चावून संपवला.

"सगळे चालवतायत ना?"

"सगळे आपलीच बातमी चालवतायत, काका! आपल्या भोंग्याची अफवा!"

"मग उद्या बघू. तपासणीत निघालं तर निघालं, नाही निघालं तर पाचव्या पानावर चार ओळी चालवू, खुलासा म्हणून."

"उद्यापर्यंत तो माणूस राहत नाही. आपल्या गाडीचा पहिला थांबाच हॉस्पिटलच्या दारातला स्टॉल आहे. शंभर प्रती तिथे पडतात. लोकांच्या हातात तो मथळा गेला की ती अँब्युलन्स हलणार नाही. कदाचित आत घुसून त्याला बाहेर ओढतील."

"टीव्हीवर आलंय की आधीच."

"टीव्ही तिथे कोण बघतंय? तिथे नुसती कुजबुज आहे. छापून आलं की पुरावा होतो, काका. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ते त्यांना बिनबोभाट काढायचे होते. "चालू मशीन थांबवलं की मालकांपर्यंत जातं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "मी लेखी देणार नाही. तू आलीस, बोललीस, मी काही ऐकलं नाही."

तिला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण 'चालव' ते म्हणाले असले तरी ओळ तिनं कापली होती. ती जिन्यानं खाली धावत सुटली.

तळघरात मशीन पूर्ण वेगात होतं. जमीन थरथरत होती आणि प्रती पट्ट्यावरून भरभर खाली येत होत्या. प्रत्येकीवर तोच मथळा, काळाभोर, बोटभर उंच. कानाला कापसाचे बोळे लावून फोरमन उभे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. तीस वर्षं याच मशीनवर, बोलणं कमी.

"मामा, थांबवा!" ती ओरडली.

मामांनी एका कानातला बोळा काढला आणि बोटानं खुंटीकडे दाखवलं.

तिनं वही ओढली. मामा तिच्या खांद्यावरून बघत होते. "सही काकांची हवी, नाहीतर संपादकसाहेबांची. बाई, तुमची चालत नाही."

"काका देत नाहीत. साहेब बाहेरगावी आहेत. मामा, हॉस्पिटलच्या दारात एक माणूस मरायला टेकलाय आणि तो आपल्या या कागदानं मरेल."

मशीन चालूच होतं. तिनं पेन काढलं आणि लिहिलं, 'मुख्य बातमी खोटी ठरू शकते. खात्री न करता चालवली. चूक माझी. छपाई थांबवावी.' वेळ टाकली, बारा छप्पन्न. खाली सही केली, संपूर्ण नावानिशी. इतक्या वर्षांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिताना शेवटची अक्षरं ओळीखाली घसरली.

मामांनी वही उजेडाकडे धरून सावकाश वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. तिला वाटलं, आता हे विचारून येतो म्हणतील आणि वर जातील. मामा म्हणाले, "कारण आहे. वेळ आहे. सही आहे. हुद्द्याचा रकाना काही या वहीत नाही." आणि त्यांनी लाल बटण दाबलं.

मशीन हळूहळू मंदावत बंद पडलं. ती शांतता इतकी अचानक होती की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन वाकून बघायला लागली.

"पहिली गाडी मात्र गेली," मामा म्हणाले. "पाच मिनिटं झाली. हॉस्पिटलचं बंडल त्यातच."

कात्रीनं तिथूनच भोंग्याला फोन लावला. "दारातल्या स्टॉलवर जा. आपलं बंडल येतंय. सुटायच्या आत सगळं विकत घे."

"सगळं? ताई, त्यावर माझं नाव आहे! पहिल्या पानावर पहिल्यांदा आलंय!"

"म्हणूनच घे."

मग ती वर आली आणि पान उघडलं. सगळी कचेरी कामं सोडून तिच्या मागे उभी. तिनं मथळा खोडला आणि लिहिला: 'बस पुलावरून कोसळली; नऊ ठार'. खाली जरा लहान अक्षरांत, 'चालक बेशुद्ध. दारू प्यायल्याचा कोणताही पुरावा नाही, तपासणी बाकी'. भोंग्याचा तिसरा तुकडा तिनं संपूर्ण काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बातमी वरून कापली, आणि खालच्या सहा ओळी परत आणल्या. तरी दोन ओळींना जागा पुरेना, तेव्हा तिनं फर्निचरचा सेल उचलून तिसऱ्या पानावर फेकला. जाहिरातवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. काका केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते, पण 'चालव' म्हणाले नाहीत आणि 'नको'ही म्हणाले नाहीत.

प्लेट बदलून मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. पहिल्या शंभर प्रती निघाल्या तशा तिनं काखेत मारल्या आणि दारात उभ्या असलेल्या गाडीत चढून बसली.

हॉस्पिटल दहा मिनिटांवर. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल लागला. ती नुसती घड्याळाकडे बघत होती आणि मनात एकच हिशेब चालला होता, तासाभरातली किती मिनिटं उरली. भोंग्याचा फोन आला. बंडल त्यानं उचललं होतं, पण त्याच्या आधी पाचसहा जणांनी प्रती घेतल्या होत्या. आता एक जण भिंतीवर चढून मोठ्यानं वाचून दाखवत होता.

आवारात दीडदोनशे माणसं होती. रुग्णवाहिका दिवा फिरवत, इंजिन घुरघुरत ठेवून फाटकाच्या आत उभी. काचेतून एक विशीतली मुलगी दिसत होती, दोन्ही हातांनी स्ट्रेचर धरून बसलेली. बाहेर कुणी तरी पत्र्यावर थापा मारत होतं. भोंगा स्टॉलशेजारी स्वतःच्याच बातमीच्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसला होता.

रुग्णवाहिकेच्या पुढच्या चाकासमोर एक माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता. पन्नाशीचा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. कामावर निघतानाच फोन आला असणार. सगळी गर्दी त्याच्याकडे बघून चालली होती. तो ओरडत नव्हता, म्हणून बाकीचे ओरडत होते.

कात्री गर्दीतून रेटत त्याच्यापर्यंत पोचली आणि समोर उकिडवी बसली. "दादा, मी वर्तमानपत्रातली. मघाशी जे वाचलं गेलं ते आमच्या पेपरातलं. ते चुकीचं होतं. हा नवा अंक आहे."

त्यानं अंक घेतला नाही. "काय म्हणतोय नवा?"

"ड्रायव्हर प्यायला होता याला काही पुरावा नाही. त्याचं रक्त अजून कुणी तपासलेलंच नाही."

"म्हणजे प्यायला नव्हता?"

"माहीत नाही."

"मग मघाशी कसं माहीत होतं?"

"मघाशीही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तरी चालवली. रक्त तपासलं नाही ही ओळ बातमीत होती. ती मी कापली. जागा कमी पडत होती म्हणून."

मागून कुणी तरी ओरडलं, "आता सारवासारव करायला आलेत!" तिच्या पाठीत धक्का बसला आणि गठ्ठ्यातल्या काही प्रती जमिनीवर पसरल्या. त्या माणसानं नुसता हात वर केला. आवाज थांबले.

"माझी मुलगी होती त्या बसमध्ये," तो म्हणाला. "तिचं नाव आहे का यात?"

"आहे."

"बरोबर लिहिलंय? शाळेपासून सगळे तिचं नाव चुकीचं लिहीत आलेत. दाखल्यावरसुद्धा चुकलं होतं."

तिनं पहिलं पान समोर धरून मृतांच्या यादीवर बोट ठेवलं. त्याला बसल्या जागी नीट दिसेना. चष्मा घरी राहिला होता. तो बंपरला धरून उठला, अंक घेतला आणि उजेडात, भिंतीच्या कडेला गेला. गर्दीचे डोळे त्याच्यामागून गेले. रुग्णवाहिकेचा चालक या एका क्षणाचीच वाट बघत होता. गाडी सरकली, फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागताच तिचा सायरन ऐकू आला. कुणी अडवलं नाही. त्या माणसानं तर वळूनही पाहिलं नाही.

तो डोळ्यांजवळ कागद धरून एकेक अक्षर बोटानं लावत होता. "नाव बरोबर आहे," तो म्हणाला. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "वय चुकलंय. एकवीस लिहिलंय तुम्ही. गेल्या आठवड्यात बावीस पूर्ण झाली ती."

कात्रीनं पेन काढलं, त्याच्या हातातल्या अंकावर एकवीस खोडून बावीस केलं आणि बाजूला सही केली.

त्यानं ते पाहिलं. "बाकीच्यातही करा," तो म्हणाला.

ती हॉस्पिटलच्या पायरीवर बसली, जमिनीवर पडलेल्या प्रती गोळा केल्या आणि पहिली मांडीवर घेतली. थोड्या वेळानं भोंगा येऊन शेजारी बसला, अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि खिशातून पेन काढलं. गेलेल्या मुलीचा बाप दोघांच्या समोर उभा राहिला आणि प्रत्येक प्रत हातात घेऊन बघू लागला.